बॅटरी निघायची तेव्हा अपडेट नव्हते: गॅलेक्सी एस सिरीजची पंधरा वर्षं

सॅमसंगची गॅलेक्सी एस सिरीज मी २०११ पासून वापरतोय. एस २, मग एस ५, मग एस १०ई आणि आता एस २३ असे चार फोन माझे स्वतःचे झाले, आणि मधले जवळपास सगळे मॉडेल घरच्यांच्या नाहीतर मित्रांच्या हातातले पाहिले, कारण कुणी नवीन फोन घेतला की डेटा ट्रान्सफर आणि सेटिंग करायला तो दोन-तीन दिवस माझ्याकडेच येतो. त्यामुळे एकेका फोनबद्दल लिहिण्यापेक्षा अख्ख्या सिरीजबद्दलच एकदा लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

मला सगळ्यात जास्त जी गोष्ट खटकते ती आधीच सांगून टाकतो. सुरुवातीच्या एस फोनचं मागचं झाकण नखाने उचकटून बॅटरी दहा सेकंदात बदलता यायची, म्हणजे फोन पाच-सहा वर्षं आरामात चालला असता, पण अँड्रॉइडचे अपडेट दोनेक वर्षांतच थांबायचे आणि मग हळूहळू ॲप चालेनाशी व्हायची. आता अपडेट सात वर्षं मिळतात, आणि बॅटरी काचेच्या आत चिकटवून टाकलेली असते. दोन्ही एकाच फोनमध्ये कधी मिळालंच नाही. बाकी कॅमेरा वाढला, स्क्रीन वाढली, चिप फास्ट झाली हे तर होणारच होतं, पण हे टिकण्याचं गणित मला जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून सगळं त्याच नजरेने लिहितोय.

पहिला गॅलेक्सी एस आला २०१० मध्ये. ४ इंचाची सुपर ॲमोलेड स्क्रीन, १ गिगाहर्ट्झचा सॅमसंगचाच हमिंगबर्ड प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, ५ मेगापिक्सेल कॅमेरा आणि तोही फ्लॅशशिवाय, बॅटरी १५०० एमएएच. आज हे आकडे वाचून कुणाला काही वाटणार नाही, पण ती स्क्रीन ज्याने तेव्हा पाहिली त्याला विचारा. तोवर बहुतेक फोनच्या स्क्रीनवर काळा रंग म्हणजे करडाच असायचा कारण एलसीडीच्या मागे लाइट सतत चालू, आणि इथे ॲमोलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो, काळं दाखवायचं असेल तर तो पिक्सेल सरळ बंदच होतो, त्यामुळे काळा तो काळाच. स्क्रीन ही या सिरीजची पहिल्या दिवसापासूनची ताकद आहे आणि पंधरा वर्षांत त्यांनी ती कधी सोडली नाही, याचं श्रेय द्यायलाच पाहिजे.

सॉफ्टवेअर मात्र रडवणारं होतं. टचविझ, म्हणजे अँड्रॉइडवर चढवलेलं सॅमसंगचं आवरण, आणि त्याखाली सॅमसंगची स्वतःची आरएफएस फाइल सिस्टीम, म्हणजे मेमरीत फाइल ठेवायची पद्धत, तिच्यामुळे फोन मधेच अडकायचा, आणि लोकांनी त्यावर ‘लॅगफिक्स’ नावाचा उपाय शोधून काढला होता, रूट करायचं, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा घ्यायचा, आणि फाइल सिस्टीमच बदलून टाकायची. २०११ च्या शेवटी कंपनीने जाहीर केलं की या फोनला अँड्रॉइड ४ मिळणार नाही, टचविझसकट ते त्या मेमरीत बसत नाही म्हणून. पण बाहेरच्या डेव्हलपर लोकांनी कस्टम रॉम, म्हणजे स्वतः बदललेलं अँड्रॉइड, करून त्याच फोनवर ते चालवून दाखवलं. म्हणजे फोनमध्ये दम होता, अडत होतं ते टचविझमुळे.

एस २ माझा पहिला. ८.४९ मिलिमीटर जाडी, ४.३ इंच सुपर ॲमोलेड प्लस, ड्युअल कोर, १ जीबी रॅम, ८ मेगापिक्सेल कॅमेरा आणि फुल एचडी व्हिडिओ. मागचं झाकण इतकं पातळ की काढताना वाकायचं, पहिल्यांदा काढलं तेव्हा तुटेल म्हणून हात थरथरत होता, पण ते काही तुटायचं नाही. प्रवासाला निघताना मी खिशात एक जास्तीची बॅटरी ठेवायचो. चार्जिंग संपलं की फोन बंद, झाकण काढ, दुसरी बॅटरी टाक, झाकण लाव, आणि फोन चालू केला की थेट १०० टक्के. आजचा कुठलाही फास्ट चार्जर हे करू शकत नाही. वर त्याच्या स्क्रीनमध्ये प्रत्येक पिक्सेलला लाल-हिरवा-निळा असे तिन्ही सबपिक्सेल पूर्ण होते, पुढच्या एस ३ मध्ये रिझोल्यूशन वाढलं पण पिक्सेलला दोनच सबपिक्सेल देणारी ती पेनटाइल मांडणी परत आली. एस २ ला अपडेट मात्र अँड्रॉइड ४.१ पर्यंतच, तिथे विषय संपला.

एस ३ (२०१२) आणि एस ४ (२०१३) या दोघांबद्दल मी फार लिहिणार नाही. एस ३ गुळगुळीत गोट्यासारखा, हातात छान बसायचा, आणि तुम्ही बघताय तोवर स्क्रीन बंद न करणारं स्मार्ट स्टे त्यात आलं जे खरंच कामाचं होतं. एस ४ मध्ये फुल एचडी स्क्रीन आली पण त्यासोबत फीचरचा पाऊस, बोट स्क्रीनच्या वर नुसतं धरलं की प्रिव्ह्यू, हात हलवला की पान सरकणार, नजर हलवली की व्हिडिओ थांबणार, तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर सुद्धा. १६ जीबीच्या फोनमध्ये वापरायला साधारण ९ जीबीच उरायची इतकं सगळं आत भरलेलं. आज त्यातलं जवळपास काहीच उरलेलं नाही, आणि ते गेल्याचं कुणाला दुःखही नाही.

एस ५ वर मात्र मला थांबायचंय, कारण या फोनला लोकांनी जितकी नावं ठेवली तितका तो वाईट नव्हता. मागचं ठिपक्या-ठिपक्यांचं प्लास्टिक लोकांना जखमेवर लावायच्या पट्टीसारखं दिसायचं, आणि शेजारी धातूचे चकचकीत फोन ठेवले की हा स्वस्त वाटायचा, ते कबूल. पण २०१४ मध्ये या फोनला पाणी-धुळीपासूनच्या संरक्षणाचं आयपी ६७ मानांकन होतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि तरीही झाकण निघायचं, बॅटरी बदलता यायची, मेमरी कार्ड बसायचं, हेडफोन जॅक होता. झाकणाच्या आतल्या बाजूला रबराची एक बारीक कड होती आणि झाकण लावल्यावर चारही बाजूंनी दाबून घ्यायचं एवढंच. पुढे दहा वर्षं आपण ऐकत आलो की बॅटरी सीलबंद केली ती वॉटरप्रूफिंगसाठी. एस ५ हातात धरला की ते पटत नाही. सील करण्याची बाकी कारणं असतील, फोन पातळ करायचा, काच लावायची, बॅटरीचा आकार वाढवायचा, आणि ती खरीही आहेत, पण पाण्याचं कारण एकट्याने पुरत नाही. मी तो फोन साडेचार वर्षं वापरला, मधे एकदा नवी बॅटरी टाकली, आणि बॅटरी टाकायला मला कुणाकडेही जावं लागलं नाही. होम बटणावर बोट वरून खाली ओढून चालणारा फिंगरप्रिंट होता, तो ओल्या बोटाला नाही ओळखायचा, पासवर्डच टाकायला लागायचा. शेवटी अपडेट अँड्रॉइड ६ वर थांबले आणि फोन धडधाकट असून मला तो बदलावा लागला.

मग २०१५ चा एस ६. इथे सिरीजने कूसच बदलली. पुढे-मागे काच, मधे धातूची फ्रेम, एस ६ एजची दोन्ही कडांना वळलेली स्क्रीन, वायरलेस चार्जिंग, सॅमसंगची स्वतःची १४ नॅनोमीटरची एक्सिनॉस चिप जी त्या वर्षी सगळ्यात भारी होती, आणि होम बटण दोनदा दाबलं की लगेच कॅमेरा. दिसायला तो आजही सुंदर आहे, मी तो हातात घेऊन नुसता फिरवत बसायचो. पण त्या देखणेपणासाठी एका झटक्यात बदलता येणारी बॅटरी गेली, मेमरी कार्ड गेलं, आणि एस ५ चं वॉटरप्रूफिंगही गेलं, वर बॅटरी एस ५ च्या २८०० वरून २५५० एमएएचवर आली. म्हणजे बॅटरी लहान आणि ती बदलायचीही सोय नाही.

एका वर्षात चूक दुरुस्त करणं काय असतं ते एस ७ मध्ये दिसलं. आयपी ६८ परत, कार्ड परत, बॅटरी ३००० आणि एस ७ एजला तर ३६००. कॅमेरा १६ वरून १२ मेगापिक्सेलवर आणला, आकडा कमी केला पण पिक्सेल मोठे, लेन्स एफ १.७ म्हणजे जास्त उजेड घेणारी, आणि ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस ज्यात प्रत्येक पिक्सेल फोकसचं काम पण करतो. अंधारात फोकस पटकन लागायचा, आधीच्या फोनसारखा पुढे-मागे शोधत बसायचा नाही. मेगापिक्सेल कमी करून कॅमेरा चांगला केला हे सांगायला धाडस लागतं, आणि ते त्यांनी केलं. माझ्या मते पहिल्या दहा वर्षांतला सगळ्यात समतोल एस फोन हाच.

त्याच वर्षी सॅमसंगच्या पेनवाल्या मोठ्या फोनच्या, म्हणजे नोट ७ च्या, बॅटरींना आगी लागल्या आणि तो फोन बाजारातूनच काढून घ्यावा लागला. तो एस सिरीजचा नाही, पण त्यानंतर कंपनीने बॅटरीसाठी आठ टप्प्यांची तपासणी आणली, आणि पुढच्या एस ८ ची बॅटरी एस ७ इतकीच, ३००० एमएएच ठेवली. फोन उंच झाला तरी बॅटरी वाढवली नाही, ती सावधगिरी मला त्या वेळी पटली होती.

एस ८ मध्ये होम बटण गेलं आणि १८.५:९ ची उंच, कडांना वळलेली स्क्रीन आली. आज आपण जे फोन वापरतो त्यांचा चेहरा तिथून सुरू होतो. पण फिंगरप्रिंट मागे नेला आणि कॅमेऱ्याच्या बरोब्बर शेजारी, त्यामुळे बोट हमखास लेन्सवर. बाजूला सॅमसंगच्या बिक्सबी या व्हॉइस असिस्टंटचं वेगळं बटण, जे कुणालाच नको होतं. एस ९ ने फिंगरप्रिंट कॅमेऱ्याच्या खाली घेतला, स्टीरिओ स्पीकर दिले आणि लेन्सचं छिद्र खरोखर लहान-मोठं होणारा कॅमेरा दिला, एफ १.५ ते २.४. तांत्रिकदृष्ट्या ते सुंदर काम होतं पण फोटोत फरक फार दिसत नव्हता आणि दोन वर्षांत ते काढूनही टाकलं.

एस १० (२०१९) बद्दल मी भरभरून बोलू शकतो. स्क्रीनमध्ये कॅमेऱ्यापुरतं छिद्र, स्क्रीनच्या खाली अल्ट्रासोनिक फिंगरप्रिंट, अल्ट्रावाइड कॅमेरा, फोनच्या पाठीवर इअरबड ठेवून चार्ज करता येणं, आणि हे सगळं देताना हेडफोन जॅक आणि कार्ड दोन्ही जागेवर. त्यानंतरच्या एकाही मुख्य एस फोनमध्ये जॅक नाही. त्याच वर्षी एक भानगड झाली होती, काही सिलिकॉनचे स्क्रीन कव्हर लावले की कुणाच्याही बोटाने फोन उघडायचा, मग पॅच आला. मी मुद्दाम लहान भाऊ एस १०ई घेतला, ५.८ इंच, सपाट स्क्रीन, १५० ग्रॅम, आणि फिंगरप्रिंट बाजूच्या पॉवर बटणात. खिशातून काढता काढता अंगठा तिथेच पडतो आणि डोळ्यासमोर येईपर्यंत फोन उघडलेला असतो. इतकं बिनचूक मला अजून दुसरं काही मिळालेलं नाही. शिवाय टचविझ जाऊन वन यूआय आलं होतं, ज्यात बटणं स्क्रीनच्या खालच्या अर्ध्यात आणली, अंगठा पोचेल अशी. सॅमसंगच्या सॉफ्टवेअरबद्दल मी पहिल्यांदा कौतुकाने बोललो ते या फोनपासून. त्याला अँड्रॉइड ९ पासून १२ पर्यंत अपडेट मिळाले, म्हणजे तीन. सुधारणा होत होती.

२०२० च्या एस २० पासून अल्ट्रा सुरू झाला आणि सिरीज सरळ दोन भागांत वाटली गेली. अल्ट्रामध्ये सगळं, बाकीच्यांत उरलेलं. १०८ मेगापिक्सेल, १०० पट झूम, सेकंदाला १२० वेळा बदलणारी १२० हर्ट्झची स्क्रीन. १०० पट झूमचा फोटो कुणाला दाखवण्यासारखा नसायचा आणि पहिल्या अल्ट्राचा फोकस जवळच्या वस्तूवर गोंधळायचा, पण १२० हर्ट्झ खरंच मोठा बदल होता. याच वर्षी चिपचा राग सगळ्यात जास्त उफाळला. एकाच नावाच्या फोनमध्ये अमेरिकेत आणि कोरियातही क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८६५ चिप, बाकी बऱ्याच देशांत एक्सिनॉस ९९०, जो जास्त तापायचा आणि बॅटरी जास्त खायचा. पैसे फ्लॅगशिपचे आणि फोन कुठल्या देशात घेतला त्यावर बॅटरी ठरणार, हे मला कधीच पटलं नाही, आजही पटत नाही.

एस २१ मध्ये बॉक्समधून चार्जर गेला, कार्डाची जागा गेली, बेस मॉडेलची पाठ परत प्लास्टिकची झाली. प्लास्टिकबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पडलं तर फुटत नाही, हलकं असतं. पण कार्ड जायला नको होतं, फोटो-व्हिडिओ काढणाऱ्याला त्याची किंमत माहितीये. एस २२ अल्ट्रा म्हणजे एस नाव लावलेला नोटच, पेन आत, कोपरे चौकोनी. नोट वापरणाऱ्यांना घर मिळालं हे चांगलं झालं. पण एस २२ चा बेस ३७०० एमएएचवर आणला आणि २०२२ च्या मार्चमध्ये बाहेर आलं की फोनमधली गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस हजारो ॲपचा वेग गुपचूप कमी करते, वेग मोजणाऱ्या बेंचमार्क ॲपचा मात्र नाही. गीकबेंच या बेंचमार्क ॲपने एस १० पासून एस २२ पर्यंतचे फोन यादीतून काढून टाकले. अपडेट देऊन ते बंद करायची सोय दिली, पण या सिरीजची इज्जत तेव्हा गेली ती गेलीच. त्याच फोनसोबत चार अँड्रॉइड अपडेटचं वचन आलं हे पण सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल.

एस २३ मध्ये सगळ्या देशांत एकच स्नॅपड्रॅगन ८ जेन २ आला, आणि म्हणूनच मी तो घेतला. ६.१ इंच, १६८ ग्रॅम, बॅटरी ३९००. दोन वर्षांहून जास्त वापरून सांगतो, हा फोन तापत नाही. व्हिडिओ कॉल चालू, नकाशा चालू, हॉटस्पॉट चालू, तरी हाताला नुसता कोमट लागतो. फक्त १२८ जीबीवाला घेऊ नका, त्यात स्टोरेज जुन्या, हळू यूएफएस ३.१ प्रकारचं आहे, २५६ मध्ये ४.० आहे. कॅमेरा उजेडात आणि रात्री दोन्हीकडे छान, पण हलणाऱ्या माणसांचे, पळणाऱ्या पोरांचे फोटो अजूनही कधी कधी पुसट येतात, हा सॅमसंगचा जुना आजार आहे, शटर वेग कमी ठेवायची सवय. त्याच वर्षी अल्ट्राच्या चंद्राच्या फोटोवरून वाद झाला, मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्रालाही फोन खड्डे-डाग काढून देतो हे एकाने दाखवलं. माझं मत स्पष्ट आहे, सेन्सरने जे पाहिलं नाही ते फोटोत यायला नको.

एस २४ मध्ये सगळी जाहिरात गॅलेक्सी एआयची होती, कॉलचं भाषांतर, स्क्रीनवर गोल काढून शोधणं वगैरे. गोल काढून शोधणं मी रोज वापरतो, बाकीचं आठवड्यातून एकदा. खरी बातमी होती सात वर्षांची, सात अँड्रॉइड व्हर्जन आणि सात वर्षं सिक्युरिटी. ज्या सिरीजने पहिल्या फोनला दीड वर्षात नाही म्हटलं होतं तिने हे म्हणावं, मला वाचून खरंच आनंद झाला होता. एस २४ अल्ट्राची काच सुद्धा अफलातून, प्रतिबिंब इतकं कमी की उन्हात शेजारी दुसरा फोन धरला की तो आरशासारखा वाटतो. बेस आणि प्लसला मात्र बऱ्याच देशांत परत एक्सिनॉस. एस २५ मध्ये पुन्हा सगळीकडे स्नॅपड्रॅगन ८ एलिट, बेसलाही १२ जीबी रॅम, अल्ट्रा २१८ ग्रॅमवर आला. पण अल्ट्राच्या पेनमधलं ब्लूटूथ काढलं, म्हणजे फोन लांब ठेवून पेनच्या बटणाने फोटो काढणं बंद. फार लोक वापरत नव्हते हे कारण मला पुरेसं वाटत नाही, जे वापरत होते त्यांनी त्यासाठीच अल्ट्रा घेतला होता.

आता बॅटरीचे आकडे एकत्र बघा. एस २० अल्ट्रा ५०००, एस २१ अल्ट्रा ५०००, २२, २३, २४, २५, सगळे ५०००. बेस एस २० ४०००, बेस एस २५ पण ४०००. बेसचं चार्जिंग २०२० मध्ये २५ वॉट, २०२५ मध्ये २५ वॉट. चिप सुधारल्यामुळे फोन जास्त वेळ चालतो हे खरंय, पण लिथियम बॅटरी साधारण पाचशे ते हजार सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एक पूर्ण चार्ज) बरीच क्षमता गमावते, म्हणजे रोज चार्ज करणाऱ्याची दोन-तीन वर्षांत जाणवण्याइतकी उतरते. मग सात वर्षांच्या अपडेटमध्ये निदान एकदा बॅटरी बदलणं आलंच, आणि ते आता घरी होत नाही, पाठ गरम करून काच काढायला लागते, सील परत लावायला लागतं, नाहीतर पाण्यापासूनचं संरक्षण गेलं. सात वर्षांचं वचन देताना त्यासोबत एक बॅटरी बदलून द्यायचं वचन पण असायला हवं होतं.

कुणी विचारलं कुठला घ्यावा, तर मी हेच सांगतो. लहान फोन हवा असेल तर बेस एस २५, डोळे झाकून. झूम आणि पेन खरंच लागत असेल तरच अल्ट्रा, नुसतं नाव मोठं म्हणून नको. आधीच एस २३ असेल तर राहू द्या, फरक पैशाइतका नाही. एस २५ एज ५.८ मिलिमीटरचा आहे, हातात घेतला की सोडवत नाही, पण बॅटरी ३९०० आणि झूमचा टेलिफोटो कॅमेरा नाही, पातळपणासाठी एवढं सोडायला मी तयार नाही.

माझ्या एस २३ ला सिक्युरिटी अपडेट २०२८ पर्यंत आहेत. संध्याकाळी सातच्या सुमारास तो आता वीस टक्क्यांवर येतो, आधी रात्री झोपेपर्यंत चालायचा. पुढच्या महिन्यात सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलून घेणारे आणि २०२८ पर्यंत हाच वापरणारे.